एकशे पंधरा की एकशे सत्तेचाळीस?

काडतुसांच्या खोक्यावर ११५ छापलेलं असेल तर झटका कमी बसणार आणि १४७ छापलेलं असेल तर जास्त, अशी माझी खात्री होती. ती मी मनात ठेवली असती तरी चाललं असतं. डॅलसच्या उत्तरेला पसरलेल्या आमच्या मराठी गोतावळ्यात मी ती संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही ऐकवलेली आहे. एका काकूंनी ती मनावर घेतली, त्याप्रमाणे खरेदी केली आणि अंगठ्याचा सांधा दुखवून घेतला. काकूंचं पुढे येईल. आधी माझं.

तो आकडा म्हणजे गोळीचं वजन, ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलासाठी दुकानात दिसणाऱ्या गोळ्या मुख्यतः तीन वजनांच्या असतात: ११५, १२४ आणि १४७ ग्रेन, म्हणजे अंदाजे साडेसात, आठ आणि साडेनऊ ग्रॅम. हा आकडा खोक्याच्या तोंडावर ठळक असतो. गोळीचा वेग मात्र बाजूच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतो, आणि कधीकधी तोही नसतो. हलकी गोळी म्हणजे हलका झटका हे इतकं उघड वाटत होतं, की ती पट्टी वाचावी असं मला कधी सुचलंच नाही.

त्यात मी कोल्हापूरची. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने पुढे पिस्तुलात नाव काढलं. आमच्याकडे ज्याने कधी छऱ्याची बंदूकही हातात धरली नाही तोसुद्धा नेमबाजीवर अधिकाराने बोलतो. मी तर कॉलेजात एनसीसीत होते. पोटावर झोपून, कोपर जमिनीला टेकवून .२२ ची रायफल चालवली होती, आणि माझ्या गोळ्या एकमेकींच्या बऱ्यापैकी जवळ पडल्या म्हणून उस्तादांनी मान हलवली होती. त्या रायफलची गोळी ४० ग्रेनची आणि रायफल काही किलोंची, त्यामुळे खांद्याला काही जाणवतही नाही. एवढ्या भांडवलावर मी टेक्सासमधल्या दुकानात शिरले.

ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत पिस्तूल घेण्याचा विषय निघालाच नव्हता. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, इथे बंदूक विकता येत नाही. कार्ड आलं आणि पाठोपाठ २०२० साल आलं. त्या वर्षी एफबीआयकडे बंदूकखरेदीच्या संदर्भातल्या जवळपास ३ कोटी ९७ लाख तपासण्या झाल्या; तोवरचा तो विक्रम होता. त्या आकड्यात माझीही एक आहे. नवरा कामासाठी आठवडा-आठवडा बाहेर असायचा, घर गावाच्या अगदी कडेला. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही.

दुकानातल्या मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि काचेखालचं सगळ्यात छोटं पिस्तूल काढलं. "बायकांना हे फार आवडतं." मलाही आवडलं. तीन इंचांची नळी, प्लॅस्टिकची मूठ, रिकामं असताना जेमतेम अर्धा किलो, माझ्या तळहातात मावणारं. छोट्या हाताला छोटं हत्यार, हलक्या हाताला हलकं हत्यार, हा विचार काही टेक्सासचा खास नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं, त्याचाही बोलबाला त्याच्या अर्ध्या किलो वजनावरच होता. पर्समध्ये वजन कमी हवं हे बरोबरच आहे. पण बार उडताना हातातलं वजन कमी असणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे, हे मला त्या मुलाने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्रातला आहे, आणि बारावीला भौतिकशास्त्रात माझे गुण चांगले होते, हे जास्त लाजिरवाणं. गोळी आणि तिच्यामागचा वायू पुढे जातात, तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे मिळतो. तोच संवेग निम्म्या वजनाच्या पिस्तुलाला मिळाला तर ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. बेरेटा ९२ हे जुनं, मोठं, फौजेतलं पिस्तूल साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यातून उडवलेलं काडतूस माझ्या अर्ध्या किलोच्या बाहुल्यातून उडवलं की माझ्या मनगटाला जवळजवळ दुप्पट सोसायचं होतं. शिवाय मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत. नळीच्या उसळीला खालून धरून ठेवणारं बोटच कामातून गेलेलं.

पहिल्या दिवशी सात यार्डांवरच्या कागदावर माझ्या गोळ्या खाली आणि डावीकडे पडल्या. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या गोळ्या तिकडेच पडत राहिल्या तर बहुधा त्याचं एकच कारण असतं: झटका येणार या भीतीने चाप ओढण्याच्या क्षणी माणूस आपणहून पिस्तूल खाली ढकलतो. हे मला माहीत नव्हतं. माझ्या मते दोष काडतुसांचा होता. दुकानातून मिळालेली १२४ ग्रेनची "जड" होती. म्हणून मी ११५ आणली.

ती जास्त झोंबली. मी वेगळ्या कंपनीची ११५ आणली. तीही तशीच. एकदा तुटवड्याच्या दिवसांत शेल्फवर उरलेलं एकच ११५ चं खोकं उचललं, त्यावर '+पी' असं काहीतरी होतं. ती खूण बॅटरीवर असते तशी असेल म्हणून मी सोडून दिली. अमेरिकेत ९ मिलिमीटरच्या साध्या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे, +पी ला ३८,५००. तो डबा मी अर्धाही संपवू शकले नाही. घरी येऊन कणीक मळता येईना, म्हणून सासूबाईंनी विचारलं, "हाताला काय झालं गं?" मी म्हटलं, "टायपिंग."

रेंजवर शनिवारी नवशिक्यांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या, साठी उलटलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे मी गेले तीही "कमी झटक्याचं काडतूस कुठलं?" एवढंच विचारायला. त्यांनी खोकं हातात घेऊन उलटं केलं आणि बाजूच्या पट्टीवर नख ठेवलं. "इथे काय लिहिलंय?" सेकंदाला ११५० फूट. "आता गुणाकार कर."

स्पर्धेतले लोक हा गुणाकार रोज करतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांमध्ये, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार. याला ते पॉवर फॅक्टर म्हणतात. यूएसपीएसए या संघटनेच्या सामन्यांत ९ मिलिमीटरवाल्यांना तो किमान १२५ असावा लागतो, नाहीतर गुण धरले जात नाहीत. म्हणून ते १२५ च्या किंचित वर राहणारी, पण त्याहून फार जोरकस नसलेली काडतुसं शोधतात किंवा स्वतः भरतात. माझ्या ११५ चा हिशेब झाला १३२. मी "जड" म्हणून टाकून दिलेल्या १२४ चा १४२ च्या आसपास. म्हणजे मी थोडी तरी बरोबर होते म्हणायची, असं वाटून मला हुरूप आला. मग बाईंनी कपाटातून १४७ ग्रेनचं एक सरावाचं खोकं काढलं. वेग फक्त ९००. गुणाकार पुन्हा १३२. बत्तीस ग्रेनचा फरक, आणि हिशेबात तसूभरही फरक नाही. उलट जड गोळीला हळू ढकलायला बंदुकीची दारू कमी लागते, त्यामुळे नळीतून वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूचा झटक्यातला वाटा थोडा घटतो.

दोन्ही एकामागून एक उडवून पाहिली. ११५ म्हणजे तळहातावर बसलेली छडी. १४७ म्हणजे गर्दीत कोणीतरी खांद्याने सारल्यासारखं. मोजमाप तेच, पण एकाने डोळा मिटतो आणि दुसऱ्याने मिटत नाही.

इथे मी शहाणी व्हायला हवी होती. मी नुसती बाजू बदलली. आता माझी खात्री अशी, की १४७ म्हणजे मऊ. ती घेऊन मी बाईंची गाठ न घेता इंटरनेटवरून घाऊक खरेदी केली. आलेल्या खोक्यावर १४७ होतं, वेग होता ९९०. गुणाकार १४५. आधी आणलेल्या कुठल्याही साध्या काडतुसापेक्षा जास्त. पट्टी वाचायची हे मला शिकवून झालेलं होतं, तरी खोकं घरी येईपर्यंत मी ती वाचली नाही.

आणखी एक बारकावा, जो मला बराच उशिरा कळला. खोक्यावरचा वेग बहुधा चार इंची किंवा त्याहून लांब नळीतून मोजलेला असतो. माझी नळी तीन इंचांची. नळी इंचाने आखूड झाली की या काडतुसाचा वेग साधारण तीस ते पन्नास फुटांनी उतरतो. म्हणजे माझ्या हातात छापील गुणाकार कधीच येत नाही, थोडा कमीच येतो. झटक्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी. पण माझी पुढची चूक याच गोष्टीने आणखी वाईट केली.

कारण आता मला आणखी मऊ हवं होतं. ९०० वाल्यापेक्षाही हळू. मोठ्या, जड, स्पर्धेच्या पिस्तुलांसाठी बनवलेली काही काडतुसं मी मिळवली. त्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा मुद्दाम नरम ठेवलेल्या असतात. माझ्या पिस्तुलाची स्प्रिंग तशी नव्हती. छोट्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे बारासरशी मागे-पुढे धावणारा वरचा भाग, आखूड आणि हलकी, तिला मागे धावायला जागा कमी. म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक घालतात. ती स्प्रिंग दाबून स्लाइड पूर्ण मागे नेण्याचं काम झटकाच करतो. ज्याला मी शत्रू समजत होते त्याच्यावरच ते यंत्र चालत होतं. झटका कमी पडला की स्लाइड अर्ध्यातून परतते, रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या तोंडात उभी अडकते, किंवा पुढचं काडतूस उचललंच जात नाही.

दर मॅगझिनमध्ये एखादं तरी अडकायचं. मी पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीला सविस्तर, दुखावलेलं पत्र लिहिलं. ते पाठवण्याआधी बाईंना दाखवलं, ही त्यातल्या त्यात अक्कल. त्यांनी माझं पिस्तूल, माझीच काडतुसं घेतली आणि मॅगझिन रिकामं केलं. एकही अडकलं नाही. "काडतूस कमजोर आहे, हे खरं," त्या म्हणाल्या, "पण तुझं मनगटही सैल आहे. उरलासुरला जोर ते खाऊन टाकतं." स्लाइड मागे जायला खालचा सांगाडा घट्ट रोवलेला असावा लागतो. तो हातासकट मागे हलला तर स्लाइडची धाव तितकी कमी होते. झटक्याला भिऊन मी पकड सैल ठेवत होते, आणि सैल पकडीमुळे झटका उलट जास्त लागत होता.

पकड दुरुस्त करण्याऐवजी मी अडकलेली पुंगळी काढण्यात तरबेज झाले. मॅगझिनच्या बुडावर थाप, स्लाइड मागे ओढून सोड, पुन्हा नेम, पुन्हा चाप. हा क्रम सगळीकडे शिकवतात आणि तो चांगलाच आहे. मला त्याचा अभिमान वाटू लागला होता. हात आपोआप चालायचे.

२०२१ ची सुरुवात. टाळेबंदीआधी ९ मिलिमीटरचं साधं काडतूस वीस सेंटच्या आसपास पडायचं, ते साठ-सत्तर सेंटच्या पुढे गेलेलं, आणि तेही मिळेल तर. बंदुकांच्या एका जत्रेत एका माणसाकडे पुन्हा भरलेली काडतुसं होती: वापरलेल्या पुंगळ्या, त्यात नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), नवी दारू, नवी गोळी. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर ना आकडा ना नाव. "खास मऊ भरलीत. माझी बायको हीच वापरते." दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं वापरू नयेत, हे पिस्तुलाबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं, त्याने वॉरंटीही जाते. पण मला दोन शब्द ऐकू आले: खास आणि मऊ. पिशवी घेतली.

पहिली काही खरोखरच छान गेली. मग एक बार आला तो फुसका. टपोऱ्या टिकलीएवढा आवाज, हाताला जवळजवळ काहीच नाही. एक क्षणभर मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. इतके दिवस जे शोधत होते तेच हे, असं काहीसं. स्लाइड हलली नव्हती. आणि हातांनी आपला क्रम सुरू केला. थाप. स्लाइड मागे, रिकामी पुंगळी बाहेर, नवं काडतूस आत. नेम. चापावर बोट.

रेंज ऑफिसर माझ्या मागेच होता. "स्टॉप! स्टॉप!" असा त्याचा आवाज मी आधी ऐकला आणि मग माझ्या दंडावर त्याचा हात आला. माणूस एरवी अतिशय मवाळ. त्याने पिस्तूल तसंच समोरच्या दिशेला ठेवायला लावलं, मॅगझिन काढलं, आतलं काडतूस काढलं, स्लाइड उतरवली आणि नळी दिव्यासमोर धरून माझ्या डोळ्याला लावली. पलीकडचा उजेड दिसत नव्हता. नळीत गोळी अडकली होती.

त्या काडतुसात दारू भरायचीच राहून गेली होती, किंवा अगदी चिमूटभर पडली होती. एकट्या प्रायमरच्या भडक्यात गोळीला पुंगळीतून उचकटून नळीत शिरवण्याइतका जोर असतो, पलीकडे काढण्याइतका नसतो. तिच्यामागून दुसरी गोळी पूर्ण वेगाने आली असती तर नळी फुगली असती, किंवा फुटली असती. आणि नळीभोवती माझी बोटं होती. पितळी दांड्याने ठोकून त्याने ती गोळी काढली. मग पिशवीतली उरलेली सगळी काडतुसं काढून घेतली, आणि मी त्याला थांबवलं नाही.

झटका नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, ही खूण तर कुणीही ओळखावी. मला ती ओळखू आली नाही, कारण कमजोर काडतुसांनी माझ्या कानांना आणि हातांना हळू आवाज, अडकलेली स्लाइड आणि पुन्हा खेचणं यांची सवय लावून ठेवली होती. दोष जत्रेतल्या माणसाचा आहेच. पण अर्धवट बारानंतर थांबायचं सोडून स्लाइड खेचायची, हे माझ्या हातांना मीच शिकवलं होतं, तेही चांगल्यातली काडतुसं वाया घालवून.

त्यानंतर काही आठवडे मी रेंजकडे फिरकले नाही. बाईंचा फोन आला. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या मॅगझिनमध्ये स्वतः काडतुसं भरली, मला पाठ करून उभं राहायला सांगून. त्यात मध्येच काही नकली होती, लाल प्लॅस्टिकची, ज्यांतून बार उडत नाही. मी चाप ओढला, नकली लागलं, बार उडाला नाही, आणि तरीही माझ्या डोळ्यांदेखत पिस्तुलाची नळी चांगली दोन इंच खाली गेली. समोर झटका नव्हताच. मी एकटीच त्याच्याशी कुस्ती खेळत होते. इतक्या खोक्यांवरचे आकडे, गुणाकार, पिशव्या, आणि कागदावर खाली-डावीकडे जाणारी ती प्रत्येक गोळी माझ्याच हाताने तिकडे ढकललेली.

उपाय म्हणून त्यांनी जे सांगितलं त्याला मी आधी नाक मुरडलं होतं: .२२ चं पिस्तूल. मला ते पोरखेळ वाटायचं. ४० ग्रेनची गोळी, सेकंदाला हजारेक फूट, गुणाकार ४०. यापुढे ९ मिलिमीटरचं कुठलंही "मऊ" काडतूस मऊ नाही. कमी झटक्याचं सरावाचं काडतूस मी इतके महिने वेगळ्या पिस्तुलात शोधायला हवं होतं. आणि राही सरनोबतला २०१८ साली आशियाई सुवर्ण मिळालं ती २५ मीटर पिस्तूल स्पर्धा .२२ चीच! पुरुषांच्या सेंटर फायर प्रकारात ९ मिलिमीटरही चालतं, पण जगभरचे नेमबाज .३२ ची बोथट तोंडाची, अगदी सौम्य काडतुसं पसंत करतात. कोल्हापूरची म्हणून मिरवणाऱ्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं.

आता माझा बहुतेक सराव .२२ वर, आणि घरी रिकाम्या पिस्तुलाने, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. शेवटी थोडी ९ मिलिमीटर. तीही १४७ ग्रेनची, ९०० च्या आसपासची, जी माझ्या स्प्रिंगला पुरतात हे मी घट्ट मनगटाने तपासून घेतलं आहे. घरात संरक्षणासाठी ठेवलेली होलो पॉइंट (पोकळ तोंडाची) काडतुसं १२४ ग्रेनची आहेत, महाग आहेत, आणि त्यांचा झटका सरावाच्यापेक्षा नक्की जास्त आहे. म्हणून अधूनमधून मन घट्ट करून त्यांचंही एक मॅगझिन उडवते. हेही आधी करत नव्हते. टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याच्या परीक्षेत ५० गोळ्या असतात, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण हवेत. पहिल्या खेपेला मी सराव केला मऊ काडतुसांवर आणि परीक्षेला नेली घरातली होलो पॉइंट, कारण "खरं तेच चालवावं". वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्या कागदावर वर-खाली पडतात, जड आणि संथ गोळी सहसा थोडी वर. पण पंधरा यार्डांवर तो फरक इंच-दीड इंचाचा. माझं गणित त्याने बिघडवलं नाही. पहिल्याच बाराला हात दचकला आणि मग शेवटपर्यंत दचकतच राहिला. पास झाले, कशीबशी.

एक सटरफटर चूकही सांगून टाकते. बंदिस्त रेंजवर मी पिशवीत चिवड्याची पुडी न्यायचे आणि पाळी येईपर्यंत खात बसायचे. बऱ्याच प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, गोळीच्या उघड्या बुडातूनही शिसं उडतं, आणि ते बोटांवर बसतं. बाईंनी पुडी कचऱ्यात टाकली आणि मला साबण व थंड पाण्याने हात धुवायला पाठवलं. तेव्हापासून रेंजचे कपडेही वेगळे धुते.

राहिल्या काकू. त्या आणि काका गावाबाहेर मोठ्या जागेवर राहतात, आणि त्यांच्याकडे .३८ चं पाच गोळ्यांचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर आहे, माझ्या पिस्तुलापेक्षाही हलकं. १५८ ग्रेनच्या गोळ्यांनी हात दुखतो म्हणाल्या, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "काकू, १२५ ची घ्या, हलकी पडतील." त्यांनी घेतली, +पी होती. नंतर मी बसून गुणाकार केला. १५८ ला वेग ७५५, म्हणजे ११९. १२५ ला ९४५, म्हणजे ११८. एका अंकाच्या फरकासाठी मी त्यांना जास्त दाबाचं, जास्त महाग आणि जास्त झोंबणारं काडतूस घ्यायला लावलं होतं. अंगठ्याच्या सांध्याला सूज आली आणि त्यांनी ते रिव्हॉल्व्हर तिजोरीत टाकलं.

मी त्यांच्याकडे १४८ ग्रेनची वॉडकटर घेऊन गेले. सपाट तोंडाची, शिशाची, नेमबाजीसाठीच बनवलेली. वेग सातशेच्या आसपास, गुणाकार १०४. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते, स्प्रिंगला पुरवायला जोर लागत नाही, त्यामुळे तिथे मऊ काडतूस निर्धास्त चालतं. घाईत भरताना तेवढं ते सपाट तोंड भोकाच्या काठाला अडतं. काकूंनी पाच बार काढले, थांबल्या, अंगठा हलवून पाहिला, आणि आणखी पाच भरले.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं, काकू."

"पण सांगत तर होतीस." त्यांनी पिशवीतून १२५ ची उरलेली दोन खोकी काढून माझ्यासमोर ठेवली. "ही तुझ्या पिस्तुलात चालतात का?"

"नाही हो. हे .३८, माझं ९ मिलिमीटर."

"मग घेऊन जा तशीच, आणि पैसे दे. पावती आहे माझ्याकडे."